जागृती कोणाची करायची?

कोकणात वादळ आलं की आमच्याकडे विदर्भात पानठेल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "त्याईले किती देल्ले सरकारनं?" २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरला धडकलं तेव्हाही हेच झालं. टीव्हीवर आडव्या पडलेल्या नारळी-सुपारीच्या बागा दिसत होत्या आणि इकडे हिशेब चालला होता, की कपाशीवर बोंडअळी आली तेव्हा आपल्याला काय मिळालं आणि यांना काय मिळतंय.

या प्रश्नात चूक काही नाही. विभागांच्या असमतोल विकासावरचा दांडेकर समितीचा १९८४ चा अहवाल, मग २०१३ चा केळकर समितीचा, आणि मधल्या काळातली सगळी भाषणं, यांवर विदर्भातल्या दोन पिढ्या वाढल्या आहेत. अनुशेष, म्हणजे विकासात राहिलेली तूट, खरा आहे. पण त्या भाषेने आपल्याला एक खोड लावली. आपण विभागाची तुलना विभागाशी करतो आणि तिथेच थांबतो. कोकणाला किती, पश्चिम महाराष्ट्राला किती, आपल्याला किती. आपल्याच गावात आलेल्या पैशांतून कोणाच्या खात्यात किती गेले, हा प्रश्न पानठेल्यावर कोणी काढत नाही. काढला तर ठेल्यावरच भांडण लागेल.

हवामान बदलाबद्दल जी जनजागृती सध्या चालते, तीही नेमकी हाच प्रश्न टाळून चालते. किनाऱ्यावरही आणि आमच्या खारपाणपट्ट्यातही, म्हणजे जिथे विहिरीचं पाणीच खारट लागतं तिथेही.

आधी एक शंका दूर करू. समुद्राशी विदर्भाचा संबंध काय, असं अनेकांना वाटतं. आपला पाऊसच मुळात समुद्राचा आहे. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतो, ओडिशा-छत्तीसगड ओलांडून तो पश्चिमेकडे सरकतो, तेव्हा आपल्या वावरात पाणी पडतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास सांगतो, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना साधारण तिप्पट झाल्या, आणि त्यासाठी लागणारा जादा ओलावा अरबी समुद्रावरून येतो. म्हणजे समुद्र तापतो तिकडे आणि सोयाबीन सडतं इकडे. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेला पूर, २०२२ च्या जुलैत वर्धा नदीने हिंगणघाटपासून चंद्रपूरपर्यंत घातलेला धिंगाणा, २०२३ च्या जुलैत महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या माणसांसाठी मागवावी लागलेली हेलिकॉप्टरं, यातली कुठलीच गोष्ट समुद्राला वगळून सांगता येत नाही. आणि जाता जाता हेही बघा, की हेलिकॉप्टर लागलं ते तांड्याला. गावठाणातली चांगली, उंचावरची जागा तांड्याच्या वाट्याला कधी आली होती?

आता किनाऱ्यावर जाऊ. निसर्ग वादळानंतर सरकारने फळबागांची मदत हेक्टरी अठरा हजारांवरून पन्नास हजारांवर नेली, दोन हेक्टरच्या मर्यादेत. आमच्याकडे आकडा ऐकून लोकांचे डोळे विस्फारले. पण कोकणातली वाडी हेक्टरात मोजायची नसतेच. ती गुंठ्यांत असते, आणि हेक्टरी पन्नास हजार म्हणजे गुंठ्याला साधारण पाचशे रुपये. दहा गुंठ्यांच्या वाडीला पाच हजार. त्या सातबाऱ्यावर भाऊ, चुलते, आत्या, मुंबईला गेलेले, वारलेले, अशी आठ-दहा नावं. तिथे सुपारी लावली की उत्पन्न धरायला सहा-सात वर्षं जातात. बागायतदारांनी ओरड केली आणि मग झाडागणिक मदतीचा निर्णय झाला. त्यांच्याकडे ओरडायला निदान सातबारा होता. त्या वाडीत झाडावर चढणारा, सुपारी सोलणाऱ्या बाया, नारळ वाहणारा टेम्पोवाला, यांचं काम एका दिवसात सहा-सात वर्षांसाठी गेलं. पंचनामा झाडांचा झाला. त्यांचा होणारच नव्हता, कारण त्यांच्या नावावर पडण्यासारखं काही नव्हतं.

मासेमारीतही तेच. भरपाई होडीची आणि जाळ्याची, म्हणजे होडीच्या मालकाची. रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळातून आलेले खलाशी असतात, बंदरावर टोपली घेऊन बसणारी विक्रेती कोळीण असते. बोट महिनाभर समुद्रात गेली नाही तर दोघांचीही चूल विझते. बोट मात्र दोघांच्याही नावावर नाही.

किनाऱ्यावर हे नवीन नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी १९३३ पासून १९३९ पर्यंत कुळांनी संप केला, जमीन कसणंच बंद केलं. खाऱ्या पाण्याला अडवून भात काढायची मेहनत कुळांची आणि पिकाचा मोठा वाटा खोताचा, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचा, यावरचा तो झगडा होता. नारायण नागू पाटील त्याचे नेते, डॉ. आंबेडकर पाठीशी उभे राहिले, आणि १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचं विधेयक त्यांनी विधिमंडळात आणलं. समुद्राशी कसं जुळवून घ्यायचं हे त्या कुळांना कोणी शिकवायची गरज नव्हती. बांध घालणं, बांधातल्या उघाडीची (पाणी सोडायच्या वाटेची) दारं भरती-ओहोटीच्या वेळा पाहून सोडणं, हे ज्ञान त्यांच्या हातात होतं. नव्हता तो हक्क. आज खारभूमीतले कितीतरी बांध फुटून भरतीचं पाणी आत शिरलंय, शेतात कांदळ (खारफुटी) उगवलंय आणि एकदा ते उगवलं की तिथे पुन्हा भात लावणं जवळजवळ संपतं. अशा गावात जाऊन "समुद्राची पातळी वाढते आहे" असं पथनाट्य करणं म्हणजे नेमकं काय करणं, मला कळत नाही.

खार हा विषय निघालाच आहे तर आमच्या खाराकडे वळतो. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, शेगाव, संग्रामपूर, म्हणजे पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांचा हा खारपाणपट्टा. विहीर खोदा, पाणी लागतं, पण त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. तेच पाणी पिकाला दिलं तर जमीन चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट आणि नापीक होते. वरून पाऊस जास्त पडला तर काळ्या चिकट मातीतून तो मुरत नाही, आठ-आठ दिवस वावरात पाय घालता येत नाही. थोडक्यात, पाऊस कमी झाला तरी मरण आणि जास्त झाला तरी मरण.

म्हणूनच २०१८ पासून जागतिक बँकेच्या कर्जावर नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला, ज्याला सगळे पोकरा म्हणतात, तेव्हा त्यात या पट्ट्यातली ९३२ गावं वेगळी घेतली गेली. पहिल्या टप्प्यात एकूण ५,१४२ गावं होती. हवामान बदलाला तोंड द्यायचं म्हणून राज्यात उभ्या राहिलेल्या कामांत एवढं मोठं काम क्वचितच झालं असेल, आणि त्यातून पुष्कळ चांगलं घडलं, हे आधी म्हटलं पाहिजे. शेततळी झाली, तुषार संच आले, रुंद सरी-वरंब्यावर पेरणी करणारे वाढले. ज्याच्या वावरात शेततळं आहे त्याचा हरभरा खारपाणपट्ट्यातही उभा राहतो, हे कोणीही हिवाळ्यात येऊन पाहावं.

पण या प्रकल्पाची रीत बघा. आधी स्वतःच्या खिशातून खर्च करायचा, बिल अपलोड करायचं, तपासणी व्हायची, मग अनुदान खात्यात. ज्याच्याजवळ आधी घालायला पैसा किंवा पत आहे त्याचंच हे काम. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याचा तर प्रश्नच नाही. जमीन मक्त्याने, म्हणजे ठरीव रकमेवर दुसऱ्याची घेऊन करणारे आमच्याकडे घरोघर आहेत. व्यवहार तोंडी, कारण कागद केला तर कुळकायदा लागेल आणि जमीन कसणाऱ्याची होईल ही मालकाची भीती. १९५८ चा विदर्भाचा कुळकायदा अजून लोकांच्या डोक्यात जिवंत आहे. परिणामी पेरतो एक, ई-पीक पाहणीत नाव दुसऱ्याचं, आणि अतिवृष्टीचे पैसे त्या दुसऱ्याच्या खात्यात. मालक भला असेल तर निम्मे देतो. नसेल तर मक्त्याची रक्कमही सोडत नाही.

भूमिहीनांसाठी पोकरात काही नव्हतंच असंही नाही. शेळीपालन होतं, परसातल्या कोंबड्या होत्या. विधवा, परित्यक्ता, भूमिहीन यांच्यासाठी ती तरतूद होती. फक्त शेळ्या चारायच्या कुठे हे कोणी विचारलं नाही. गावाची ई-क्लास (गायरान) जमीन अर्धी लोकांच्या अतिक्रमणात गेलेली, उरलेल्या अर्धीवर गावातल्याच बड्या माणसाचं कुंपण.

आणि जागृतीचं म्हणाल तर तीही रीतसर झाली. गावाचा सूक्ष्म आराखडा करायचा, शिवारफेरी काढायची, चौकात रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा. मी अशी एक बैठक जवळून पाहिली आहे. वेळ होती सकाळी अकराची. दिवस निंदणाचे. गावातल्या बाया आठलाच डबा घेऊन वावरात गेलेल्या. ठेक्याचं निंदण, थांबलं तर त्या दिवसाचा रोज गेला. चौकात जमले ते ज्यांच्या वावरात त्या निंदत होत्या. रांगोळी सुंदर काढली होती. निळ्या रंगात नाला, हिरव्यात बागायत, तांबड्यात गावठाण. नाल्याकाठी टिनाची दहा-बारा घरं आहेत, दर दोन-तीन वर्षांनी त्यांत पाणी शिरतं. ती त्या नकाशात नव्हती. मुद्दाम वगळली असं नाही. नकाशा काढणाऱ्या हातांना ती कधी आठवावीच लागली नव्हती. संध्याकाळी त्याच वस्तीतल्या एका काकूंना मी बैठकीबद्दल सांगायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "पानी येते हे तं आमाले मालूमच असते भाऊ. जाचं कुठी, थे सांगा."

जागृतीची सगळी यंत्रणा असं धरून चालते, की धोक्यात असलेल्या माणसाला धोका माहीत नाही. एकदा माहीत झाला की तो आपोआप सुरक्षित होईल. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ येत होतं, इशारे कित्येक दिवस आधीपासून होते, मच्छीमारांना परत बोलावलं गेलं होतं. तरीही मुंबईच्या समुद्रात तेलक्षेत्राजवळ पी-३०५ नावाचा तराफा माणसांसकट थांबला आणि १७ मे रोजी बुडाला. त्या दुर्घटनेत सत्तरहून अधिक माणसं गेली, बहुतेक कंत्राटी कामगार. वादळ येतंय हे त्यांना ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? थांबायचं की परतायचं हे ठरवणं त्यांच्या हातात नव्हतं.

उलट ओडिशा बघा. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. २०१३ ला फायलिन आलं तेव्हा मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. लोक एकाएकी शहाणे झाले असं मधल्या काळात घडलं नाही. पक्क्या इमारतींचे निवारे उभे राहिले, आपत्तीसाठी वेगळी यंत्रणा उभी राहिली, आणि लाखो माणसांना वेळेत हलवून तिथे जेवू घालायची सवय सरकारला लागली. इशाऱ्याच्या मागे जायला जागा होती. आमच्याकडे विजेसाठी दामिनी ॲप आहे, पुण्याच्याच संस्थेने केलेलं, चांगलं आहे. पण निंदणाला गेलेल्या बाईचा फोन घरी पोराजवळ असतो, आणि फोन जवळ असलाच तरी भर वावरात तिने जायचं कुठे? झाडाखाली जाऊ नका हे तिला पाठ आहे. दोन-दोन किलोमीटर शिवारात एक पक्कं छप्पर नाही.

माहिती असूनही उपाय न करता येणं ही एक बाजू. दुसरी बाजू मला जास्त टोचते. एकाने केलेला उपाय दुसऱ्याच्या मुळावर येतो. किनाऱ्यावर एखाद्या जागी दगडी धूपप्रतिबंधक भिंत बांधली की तिथली जमीन वाचते, पण लाटांचा जोर भिंतीच्या टोकापलीकडे वळतो आणि शेजारची वाळू खरवडली जाते. आमच्याकडे याच्यासाठी समुद्र लागत नाही. वरच्या अंगाचा ज्याचा धुरा (बांध) उंच, ज्याची जेसीबी बोलवायची ऐपत, तो नाला सरळ करून घेतो, काठ आपल्या वावरात ओढतो. त्याचं पीक वाचतं. पाणी दुप्पट वेगाने खालच्या दोन एकरवाल्याच्या पऱ्हाटीत (कपाशीत) शिरतं. प्यायच्या पाण्याचंही तसंच: नळयोजनेचं पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, तोवर ज्याला जमतं तो आरओचा कॅन घेतो. बाकीचे विहिरीचं तेच पाणी पितात. कॅन घेणाऱ्यांत सरपंच, मास्तर, दुकानदार, सगळे बोलके लोक आले. त्यांचा प्रश्न सुटला त्या दिवसापासून नळयोजनेबद्दल ग्रामसभेत बोलणारं कोणी उरलं नाही.

यावर आमचे शेतकरी मित्र चिडतात. म्हणतात, शेतकरीच मरतोय, मजुराला निदान रोज मिळतो, तुम्ही शेतकऱ्यात आणि मजुरात भांडण लावता. यवतमाळ-अमरावतीच्या आत्महत्या ज्याने पाहिल्या आहेत तो या बोलण्याला हसण्यावारी नेणार नाही. दोन एकरवाला कोरडवाहू शेतकरी आणि त्याच्या वावरात निंदणारी बाई यांच्यात अंतर फार नाही; पुष्कळदा ती त्याची चुलतबहीण असते आणि तो स्वतः उन्हाळ्यात दुसऱ्याच्या कामावर असतो. म्हणून तर मदतीचं सगळं माप जमिनीच्या क्षेत्रात घेणं दोघांनाही नडतं. क्षेत्राचं माप धरलं की वीस एकरवाला, निकषाची मर्यादा गाठेपर्यंत, दोन एकरवाल्यापेक्षा कितीतरी जास्त घेऊन जातो, आणि बिनजमिनीचा शून्यावर राहतो. भांडण मी लावत नाही. ते त्या मापात आधीपासून आहे.

याच महाराष्ट्राने एकदा माप बदललं होतं. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा रोजगार हमीचं काम सुरू झालं आणि १९७७ ला त्याचा कायदा झाला. तिथे सातबारा कोणी मागितला नाही. काम मागणारा माणूस, एवढीच अट. हवामानाच्या फटक्याला तोंड द्यायची याहून चांगली योजना या राज्याने नंतर केलेली मला दिसत नाही, आणि गंमत म्हणजे तिच्या कागदपत्रांत हवामान बदल हे शब्दही नव्हते.

सामाईक जागेवर हक्क दिला तरी माप बदलतं. सिंधुदुर्गात हरित हवामान निधीच्या मदतीने खाडीत खेकडे आणि कालवं वाढवायचं काम बचत गटांच्या बायांनी केलं. खाडीला सातबारा लागत नाही, म्हणून त्यांना ते करता आलं. आणि विदर्भाला उदाहरण शोधायला सिंधुदुर्गापर्यंत जायचीही गरज नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा सगळ्यांना पाठ आहे, पण त्यामागचे अभ्यासगट थोड्यांना माहीत आहेत. लोक एकत्र बसत, कायदा वाचत, जाणकाराला बोलावून प्रश्न विचारत, आणि मग ग्रामसभेत एकमताने ठरवत. मला जागृती म्हणून मान्य आहे ती ही. कोणी बाहेरून येऊन करावी लागली नाही आणि ती संपली तिथे हातात आपल्या जंगलातला बांबू होता.

तेव्हा किनारा असो की पूर्णेचं खोरं, जागृतीवर पैसा खर्च करायचाच असेल तर पाऊस का वाढला हे सांगण्यावर थोडा कमी करा. नियम काय आहेत हे सांगण्यावर करा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात. तो पर्जन्यमापक मंडळाच्या गावी असतो आणि आपल्या शिवारात ढग फुटला तरी त्याला कळत नाही, हे किती गावांना माहीत आहे? पंचनाम्याची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावून घ्यायची असते, ती वाचून दाखवा म्हणता येतं, हे नाल्याकाठच्या टिनाच्या घरांना कोणी सांगितलं? बैठक रात्री जेवणं झाल्यावर वस्तीत घेता येते, हे कृषी सहायकाला कोणी सांगितलं?

आणि एक नियम तर खास आहे. आपत्ती मदत निधीच्या केंद्रीय निकषांत, ज्या कुटुंबांची उपजीविका आपत्तीत गंभीररीत्या बुडाली त्यांना काही दिवसांचा निर्वाह देण्याची तरतूद आहे. तिथे जमिनीची अट नाही. सुपारी सोलणारी, खलाशी, मक्त्याने करणारा, निंदणारी, सगळे त्यात बसू शकतात. आमच्या भागात ती कोणाला मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तलाठी पंचनाम्याला येतो तो गट नंबर विचारतो, पीक विचारतो, टक्केवारी लिहितो. बुडालेल्या मजुरीचे दिवस लिहायला त्याच्या कागदावर रकाना नाही, आणि तो घालायला एक शासन निर्णय पुरतो. पानठेल्यावर पुढच्या वेळी कोकणाचा आकडा निघाला, तर त्याच बसणीत या रकान्याचंही निघू द्या. भांडण लागलं तरी चालेल.